तिच्या बाजूची स्प्रिंग

मित्रांनो, बाल्कनीच्या कोपऱ्यात कुंडीखाली जे लाल, गंजलेले वेटोळे दिसते ना, ती मी. मोटारीची जुनी स्प्रिंग. पेनात किंवा गादीत असते तशी नाजूक नव्हे. धडधाकट माणसाने दोन्ही हातांनी दाबले तरी मी केसभरही दबत नाही. एके काळी मला या गोष्टीचा फार अभिमान होता. आता कोणी माझ्याकडे बोट दाखवले तरी नको वाटते. मला मान नाही, पण असती तर ती खालीच राहिली असती.

माझा जन्म कारखान्यात झाला. लालबुंद तापवलेली पोलादी सळई फिरत्या दांड्यावर गुंडाळली, तेलात बुडवली, पुन्हा तापवली. पुढे कधी तडा जाऊ नये म्हणून अंगावर बारीक छऱ्यांचा मारा केला. शेवटी लाल रंग दिला. आम्हा चौघी बहिणींना एका खोक्यात भरले. खोक्यावर एका गाडीचे चित्र होते. ती गाडी रस्त्याला इतकी चिकटून धावत होती की तिच्याखालून वर्तमानपत्रही सरकले नसते.

गाडीला मूळच्या ज्या स्प्रिंगा असतात त्या उंच आणि मऊ असतात. आम्ही बुटक्या आणि कडक. आम्ही गाडी खाली बसवतो आणि वळणावर तिला झुकू देत नाही. खड्डा आला की मऊ स्प्रिंग तो स्वतः गिळते. आम्ही तो जसाच्या तसा वर पोचवतो. वर कोण बसले आहे, हे आम्हाला कोणी सांगत नाही.

ज्यांनी मला विकत घेतले ते माझे मालक वजनकाटे दुरुस्त करत. दुकानांतले, गोदामांतले, शाळांतले काटे तपासायचे, चुकत असतील तर नीट करायचे. हातात पिशवी धरून वजन सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर निघे. त्यांना एकच हौस होती, ती म्हणजे दोन दारांची एक जुनी स्पोर्ट्स कार. लोक अशी गाडी सुट्टीच्या दिवशी बाहेर काढतात. ते रोज तीच चालवत. सकाळी मालकीणबाईंना त्यांच्या शाळेवर सोडत, संध्याकाळी घेऊन येत.

मला निवडले त्या दिवशी दोघेही गॅरेजमध्ये आले होते. मेकॅनिकने दोन खोकी उघडून ठेवली होती. एकात जेमतेम बोटभर उतरवणाऱ्या स्प्रिंगा होत्या. दुसऱ्यात आम्ही.

मेकॅनिक म्हणाला, "रोजची गाडी आहे ना साहेब? मग पहिल्या घ्या. या लाल वाल्या रोजच्या रस्त्याला जड जातील. पोट घासेल, आणि बसणाऱ्याची कंबर मोडेल."

मालक म्हणाले, "पण दिसेल कशी ते बघ ना."

मग त्यांनी बाईंना विचारले, "तुला कुठल्या बऱ्या वाटतात?"

"ज्यांच्यावर बसून मला कपातला चहा न सांडता पिता येईल त्या," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. मालकही हसले, आणि त्यांनी मला उचलले. बाई नुसत्या बघत होत्या.

"चालेल ना तुला?" मालकांनी विचारले.

"मला काय, मी बसेन. फक्त त्या जुन्या टाकून देऊ नका हं. पिशवीत घालून द्या. कुंड्या ठेवायला होतील."

मला पुढे, बाईंच्या बाजूच्या चाकावर बसवले. गाडी जॅकवरून खाली उतरली तेव्हा चाक आणि पत्रा यांच्यात दोन बोटेही जात नव्हती. मालक गाडीभोवती फिरत राहिले. बाई म्हणाल्या, "अहो, नजर लागेल, चला आता." मग त्या आत बसल्या आणि मी पहिल्यांदा त्यांचे वजन अंगावर घेतले.

चाकामागून वर बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. आम्ही माणसाला वजनाने ओळखतो. मालक धपकन बसत. बाई आधी पिशवी ठेवत, मग एक पाय, मग सावकाश स्वतः. चेहरा दिसला असता तरी मी त्यांना याहून नीट ओळखले नसते.

घराच्या गल्लीच्या तोंडाशी एक उंच गतिरोधक होता. तिथल्या लोकांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेला, त्यामुळे गाढवाच्या पाठीसारखा. पहिल्याच संध्याकाळी गाडीचे पोट त्याच्यावर खर्रकन घासले. मालकांचा चेहरा पडला असावा, कारण बाई लगेच म्हणाल्या, "थांबा, मी उतरते. तेवढीच हलकी होईल."

त्या उतरल्या. मी नखभर वर आले. गाडी अलगद पलीकडे गेली. बाई वाकून गाडीखाली बघत होत्या आणि हाताने खुणा करत होत्या, "या, या... आणखी... आली."

त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. जाताना त्या गतिरोधकाशी उतरत, पलीकडे जाऊन बसत. येतानाही तसेच. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रोज गंमत करी, "वहिनी, गाडी तुम्हाला आणते का तुम्ही गाडीला?"

"आम्ही एकमेकींना आणतो," बाई म्हणत. "साहेब नुसते स्टीअरिंग धरायला असतात."

मालक या विनोदावर मनापासून हसत. आपल्या बायकोला रोज भर रस्त्यात उतरावे लागते, यात त्यांना काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही. लोक गाडीकडे वळून बघत होते आणि मी त्यातच खूश होते.

अशी काही वर्षे गेली. मग एका संध्याकाळी गतिरोधकापाशी गाडी थांबली, तरी दार उघडले नाही.

"अहो, आज नाही उतरले तर चालेल? पायात जीव नाही."

"अगं, घासेल. बरं, हळू नेऊन बघतो."

मालकांनी गाडी मुंगीच्या पावलाने चढवली. पोट घासले नाही. नखभर अंतराने गाडी पलीकडे उतरली.

मालक खाली उतरले, चाकाशी वाकले आणि त्यांनी माझ्या अंगावर थाप मारली. "शाब्बास. बघ, स्प्रिंग बसली एकदाची नीट. आता तुला उतरायलाच नको."

"बरं झालं बाई. हल्ली उतरायचा कंटाळाच येतो," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझे इतके कौतुक कधी झाले नव्हते. मालकांनी मेकॅनिकलाही फोन करून सांगितले. तो म्हणाला, "स्प्रिंग जुनी झाली की खाली बसते साहेब, वर नाही येत. चाकात हवा जास्त असेल." मालकांनी हवा तपासली. हवा बरोबर होती. मग त्यांनी आणखी काही तपासले नाही.

खरे काय ते मला माहीत होते. मी आपण होऊन वर आले नव्हते. बाई हलक्या झाल्या होत्या. दर सकाळी, थोड्या थोड्या. आज कालच्यापेक्षा किंचित कमी. हे सगळे माझ्या अंगावरून गेले होते. मला बोलता येत नाही हे खरे, पण मला लाज वाटते ती त्याची नाही. मला लाज वाटते ती त्या शाबासकीने मी फुलून गेले त्याची. एक बाई झिजत होती आणि मी त्याला आपला पराक्रम म्हणवून घेत होते.

मालकांची धाकटी बहीण राहायला आली. चांगली भरल्या अंगाची, बोलकी. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-बहीण बाजारात गेले, बाई घरी राहिल्या. परत येताना गतिरोधकावर खर्रकन आवाज झाला.

"हे कसं झालं?" मालक म्हणाले. "हल्ली तर घासत नव्हती."

"म्हणजे मी जाड आहे, असं सरळ म्हण ना दादा."

"तसं नाही गं छोटे. रोज ती बसते ना इथे. तुम्ही दोघी तर सारख्याच अंगाच्या. माझ्या लग्नानंतर तिचेच ब्लाउज घालत होतीस तू."

बहिणीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

मग ती म्हणाली, "दादा, काल मी वहिनीचा हात धरला तर बांगडी कोपरापर्यंत गेली. मला आल्या आल्या दिसलं. तुला दिसलं नाही? सगळ्या बाजाराचे काटे तपासत फिरतोस."

मालकांनी गाडी तिथेच बंद केली. मागे दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या तरी ते बसून होते.

घरापाशी आल्यावर त्यांनी गाडीच्या डिकीतला कामाचा काटा काढून फरशीवर ठेवला आणि बाईंना खाली बोलावले.

"जरा यावर उभी राहा."

"मी काय गोणी आहे का तुमची?" बाई हसत म्हणाल्या, पण चप्पल काढून उभ्या राहिल्या.

मालकांनी आकडा बघितला. त्यांना उतरायला सांगितले, काटा शून्यावर आणला, परत उभे केले. मग म्हणाले, "काटा चुकतोय."

त्यांनी तपासणीचे पितळी वजन काढून काट्यावर ठेवले. काटा बरोबर होता. ते वजन उचलायचे विसरून ते तसेच उकिडवे बसून राहिले. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उठा आता. इस्त्रीवाला बघतोय."

आजार पोटातला होता आणि बराच पुढे गेला होता. आमचा रस्ता बदलला. शाळेऐवजी इस्पितळ. परतताना बाई दाराची मूठ धरून बसत. रस्त्यात जिथे जिथे सांधा होता, ठिगळ होते, गटाराचे झाकण होते, तिथे तिथे मी तो धक्का जसाच्या तसा वर पोचवला. मालक बैलगाडीच्या चालीने चालवत, तरी उपयोग नव्हता. त्या कण्हत नसत. नुसता श्वास आत ओढत. तो मला ऐकू येई. मी मऊ व्हायचा प्रयत्न केला. मित्रांनो, स्प्रिंगला मऊ होता येत नाही. तिला जसे घडवले आणि जिथे निवडून बसवले, तशीच ती वागते.

एका सकाळी मालकांनी बाल्कनीतल्या कुंड्या खाली काढल्या, त्यांच्याखालच्या जुन्या चौघी कापडाने पुसल्या आणि गाडीत ठेवल्या. बाई म्हणाल्या, "मीही येते गॅरेजात." बरोबर थर्मासही घेतला.

मेकॅनिकने आम्हाला काढले आणि त्या उंच, मऊ, मातीचे डाग पडलेल्या स्प्रिंगा परत बसवल्या. मला डिकीत टाकले. तिथून मी सगळे ऐकले. गाडी निघाली तसे थर्मासचे झाकण उघडले, कपात चहा ओतला गेला. मोठा रस्ता गेला, रेल्वेचे फाटक गेले, खोदलेला चौक गेला.

"सांडला?" मालकांनी विचारले.

"थेंबभरही नाही. घ्या, तुम्हीही प्या."

गतिरोधक आला. जुन्या सवयीने गाडी थांबली आणि त्याच सवयीने दाराची कडी वाजली.

"बस," मालक म्हणाले. "तू नको उतरू." दार पुन्हा ओढून लावल्याचा आवाज आला.

गाडी त्या उंचवट्यावरून अशी गेली की मला डिकीत कळलेसुद्धा नाही. इतके सोपे होते ते. जुन्या चौघी एवढी वर्षे बाल्कनीत कुंड्या उचलून बसल्या होत्या, आणि मी त्यांची जागा अडवून शाबासकी घेत होते. गाडीच्या डिकीत अंधार होता, हे बरे झाले.

त्यानंतर बाई त्या गाडीत थोडेच दिवस बसल्या. मग त्या गेल्या.

मला आता त्यांची कुंडी उचलायचे काम आहे. मालक रोज सकाळी पाणी घालतात. थोडे माझ्या अंगावर सांडते आणि मी आणखी गंजते. माझी तक्रार नाही. त्यांनी मला भंगारात दिले असते तर मी सुटले असते. त्यांनी ठेवून घेतले. पाणी घालताना ते माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. कोण जास्त शरमिंदे आहे ते सांगता येणार नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, आपल्या पैशांनी आपल्या आवडीची वस्तू घ्याल. जरूर घ्या. आवड असणे वाईट नाही. पण तिच्यात तुमच्या शेजारी कोण बसणार आहे, त्याला विचारा. एकदा विचारून थांबू नका, कारण पहिल्यांदा तो "मला चालेल" असेच म्हणेल. तो हसत काही मागत असेल, तर हसून झाल्यावर ते त्याला द्या. आणि एखादी अडचण आपोआप सुटली, तर शाबासकी देण्याआधी घरातल्या माणसांकडे एकदा नीट बघा.

माझ्या जागेवरून गल्लीचे तोंड दिसत नाही, पण ऐकू येते. संध्याकाळी गाडी येते. जुन्या स्प्रिंगांवर तिला गतिरोधकाची काहीच अडचण नाही. तरी ती तिथे थांबते. इस्त्रीवाल्याचा हातही तेवढा वेळ थांबतो. एका बाईला दार उघडून उतरायला, पलीकडे जायला, वाकून खुणा करायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गाडी उभी राहते.

मग हळूच पुढे येते.