हलली नाही ती मान

मित्रांनो, मी काळ्या लाकडाची एक जुनी क्लॅरिनेट आहे. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. आजवर मी दुसऱ्याच्याच श्वासाने बोलत आले.

तो श्वास एका बाइंडरचा होता. पुस्तकं शिवून त्याची बोटं खरबरीत झाली होती आणि माझ्या चाव्यांनाही खळीचा वास लागला होता. शनिवारी दुपारी कागदांचे गठ्ठे भिंतीशी सरकवले, की त्याच्या कारखान्यात जॅम सेशन रंगे. प्लंबरकाका गिटार आणत, गणिताचे मास्तर रिकाम्या खोक्यावर ताल धरत. समोर स्वरलिपीचा कागद नसे, आधी काही ठरलेलं नसे. ज्याचं वाजवून झालं, त्याने दुसऱ्याकडे पाहून मान हलवायची. मग त्या दुसऱ्याने पुढे न्यायचं. एवढाच नियम.

"मास्तर, ताल पळतोय!" काका ओरडत.

"पळतोय कुठला? तूच रेंगाळतोयस!"

बाइंडरची मुलगी दोऱ्याची रिळं आवरत ऐकत असे. आठवडाभर ती माझ्यावर सराव करी.

"बाबा, मला तुमच्यात वाजवायला कधी बसवणार?"

"पुढच्या शनिवारी, चिमणे. नक्की."

त्याच आठवड्यात बाइंडर अचानक गेला.

महिन्याने मित्र पुन्हा जमले. मुलगी मला घेऊन बाबांच्या स्टुलावर बसली. गिटार थांबली. तिने छातीभर श्वास घेतला. पण काकांनी डोळे मिटले, मास्तरांनी हात आवरले. मित्राची वाजवायची वेळ त्यांनी कुणाकडेही मान न हलवता रिकामीच जाऊ दिली. पुढच्या शनिवारीही तेच.

"काका, मी वाजवू?"

"नको गं पोरी. त्याची जागा आम्ही कुणालाच देणार नाही," काका डोळे पुसत म्हणाले.

त्यांच्या मनात मायाच होती, हे मला ठाऊक आहे. तिने मला पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर चढवली. मग वर्षं गेली. श्वासावाचून माझं लाकूड सुकलं आणि वीतभर चिरलं.

परवा म्हातारे मास्तर आले. पेटी तिच्यापुढे ठेवून म्हणाले, "चुकलं गं आमचं. वाजव ना." आणि त्यांनी मान हलवली.

तिने मला ओठांशी धरलं. नुसती हवा निघाली.

"राहू द्या मास्तर," ती हसून म्हणाली, "विसरले मी."

ती विसरली नव्हती, मित्रांनो. तिची बोटं अचूक पडली होती. फुटले होते ती मी.

गेलेल्या माणसाची जागा जरूर जपा. पण तिथे कुणी श्वास भरून बसलं असेल, तर त्याच्याकडे पाहून वेळेवर मान हलवा.