नसलेल्या रस्त्यांचे अर्ज

डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या आमच्या गावात ऑक्टोबर लागला की अंगणोअंगणी लाल मिरच्या भाजल्या जातात आणि समाजसाहाय्य कार्यालयात सरपणाच्या अर्जांची रास पडते. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना हिवाळ्याच्या लाकडांसाठी शासन साहाय्य देते. अर्ज मात्र महिनाअखेरपर्यंत नोंदला गेला पाहिजे.

त्या वर्षी आवक-जावकच्या टेबलावर नेव्याना होती. तीन अपत्यांच्या संगोपनात अकरा वर्षे घरी घालवून, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती नोकरीत परतली होती. सहा महिन्यांची कसोटी होती. त्या अवधीत साहेब कारण न सांगताही तिला निरोप देऊ शकत होते. नवऱ्याचा कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालू लागल्यापासून सारे घर तिच्या पगाराकडे डोळे लावून बसले होते.

पहिल्या दिवशी रीतीप्रमाणे तिने चॉकलेटचा डबा फिरवला. शेजारच्या खिडकीवरच्या सव्वीस वर्षांच्या दिल्यानाने एक उचलून विचारले, "तीन मुलं? मग आजारपणाच्या रजा आत्ताच लिहून ठेवा हो!" सगळे हसले. नेव्यानाही हसली.

दुसऱ्या आठवड्यात तिने संगणकाविषयी काही विचारले, तेव्हा दिल्याना म्हणाली, "ताई, हे परवाच तर सांगितलं! घरी बसून डोकं गंजतं वाटतं?" आतून करास्तोयानोव साहेबांचाही आवाज आला, "बाई, हे कार्यालय आहे, शिकवणी नव्हे!"

त्या दिवसापासून नेव्यानाने विचारणे सोडले.

आणि नेमके तेव्हाच ते अर्ज येऊ लागले. आमच्याकडे राजवट पालटली तशा रस्त्यांवरच्या पाट्याही पालटल्या. क्रांतिवीरांच्या जागी संत आले, सेनापतींच्या जागी फुलझाडे आली. संगणकाला ही नवी नावेच ठाऊक. म्हाताऱ्यांच्या जिभेवर मात्र तीस वर्षांपूर्वीचीच नावे; अर्ज भरताना हातही त्याच वळणाने जाई. "पत्ता अस्तित्वात नाही" असे सांगून संगणक अर्ज नाकारी. नेव्यानाला ते रस्ते तोंडपाठ होते. बाबागाडी ढकलत अकरा वर्षे ती त्यांवरून हिंडली होती, आणि फाटकाबाहेरच्या बाकांवर बसणाऱ्या आज्यांकडून जुनीच नावे ऐकत आली होती. परंतु नाकारलेला पत्ता संगणकात दुरुस्त कसा करावा, हे तिला ठाऊक नव्हते. तिने पहिला अर्ज खणात ठेवला. मग दुसरा. पाहता पाहता तेवीस अर्ज खणात साठले. ती घरी जाई, मुलांना सूप वाढी आणि स्वतः न जेवता निजे. झोप अशी लागतच नसे.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी सकाळी मितानाआजी काठी टेकत आली.

"पोरी, शेजारणीला मंजुरीचं पत्र आलं. माझं कुठं अडलं गं? लाकूडवाला विचारतोय, गाडी टाकू का म्हणून."

"येईल आजी, येईल," नेव्याना म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

आजी गेली. अभिलेखागार सांभाळणाऱ्या स्टोयांकामावशी दारातून हे पाहत होत्या. चौतीस वर्षांची सेवा झालेली ती स्त्री बोले थोडे, पाही पुष्कळ. त्या आल्या आणि काही न विचारता त्यांनी खण ओढला.

"हे काय?"

"मावशी, मला जमत नाही हो," नेव्याना कुजबुजली. "विचारलं तर म्हणतील, बाई निकामी आहे. कसोटी चालू आहे माझी. घर माझ्यावर आहे."

मावशी खुर्ची ओढून बसल्या. "ऐक. तुला येत नाही, यात लाज कसली? अकरा वर्षांत इथली तीन यंत्रं बदलली. मी रोज येत होते, तरी प्रत्येक वेळी रडले. पण तू झाकलंस, हे चुकलं. तुझी लाज तुझ्या खणात राहिली असती तर मी बोलले नसते. या खणात मितानाची चूल आहे, पोरी!"

"पण ते हसतात..."

"हसतात, तो त्यांचा दोष. त्याचा हिशेब त्यांना द्यावा लागेल. पण म्हातारीनं थंडीत का कुडकुडायचं? हसण्यानं अजून कुणी गोठलेलं नाही."

नेव्याना उठली. तेवीस अर्ज छातीशी धरून ती साहेबांच्या दारात उभी राहिली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाली, "साहेब, हे मी दडवले. पत्ता कसा दुरुस्त करायचा ते मला येत नाही. रस्ते मला माहीत आहेत. कुणीतरी मला शिकवा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "दडवले? उद्या मुदत संपते, आणि आज सांगता? तुम्हाला या क्षणी—"

"थांबा साहेब!" दिल्याना उभी राहिली होती.  "रस्ते माहीत आहेत, म्हणजे? ते रस्ते खरंच आहेत?"

"आहेत गं. फक्त नावं जुनी आहेत."

"अरे देवा! मी तर खिडकीवरूनच परत पाठवले. असा रस्ताच नाही म्हणाले. नऊ जण होते... नाही, दहा."

 एकीने न कळल्याची लाज लपवली होती. दुसरीला आपल्याला कळत नाही हेच कळले नव्हते. करास्तोयानोव साहेब दोघींकडे पाहत राहिले. "शिकवणी नव्हे" हे आपलेच शब्द त्यांना आठवले असावेत. ते म्हणाले, "दिल्याना, हिच्या शेजारी बस. कसं करायचं ते दाखव. आणि नेव्यानाबाई, तुम्ही रस्ते सांगा."

दोघी शेजारी बसल्या. एक रस्ता सांगे, दुसरी कळ दाखवी. चौथ्या अर्जानंतर नेव्यानाला दाखवावे लागले नाही. संध्याकाळपर्यंत तेवीसही अर्ज नोंदले गेले.

दुसऱ्या दिवशी कोरे अर्ज घेऊन दोघी गावात निघाल्या. दिल्यानाला आठवलेल्या जुन्या पत्त्यांवरून परत पाठवलेल्यांची घरे नेव्यानाने ओळखून काढली. नऊ दारे उघडली, नऊ अर्ज भरले गेले. दिल्यानाने प्रत्येक उंबऱ्यावर क्षमा मागितली. एका आजोबांनी तिला आक्रोड दिले, एकीने चांगले खडसावले. दहावे दार बंद होते. सरपण मिळणार नाही म्हणून गेरासिम आजोबा लेकीकडे दूरच्या गावी गेल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले. परतणार कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हते.

नेव्याना त्या फाटकाशी खिळून उभी राहिली.

"तुला खिडकीवर बोलताना मी ऐकलं होतं," ती हळूच म्हणाली. "यांना तू परत पाठवलंस तेव्हा. हा रस्ता मला माहीत होता. पण मध्ये बोलले तर तू हसशील, म्हणून गप्प बसले."

 दिल्यानाने नेव्यानाचा हात धरला.

साहेबांनी पुढे नेव्यानाला कायम केले, आणि जुन्या-नव्या नावांचा तक्ता खिडकीशी लावला. नव्याने आलेल्याने महिनाभर काहीही विचारले, तरी कुणी त्याला टोकू नये, असेही त्यांनी सांगून ठेवले.

नागरिकहो, वर्षानुवर्षे घर सांभाळून परतणारी स्त्री रिकाम्या हातांनी येत नाही. पण तिला काही विचारावेही लागते. तिच्या प्रश्नाला आपण हसलो तर ती गप्प बसते, आणि ती गप्प बसली म्हणजे आपले कार्यालय तेवढे शहाणे झाले, असे आपल्याला वाटते. त्या हिवाळ्यात गेरासिम आजोबांच्या धुराड्यातून धूर निघाला नाही. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत न विचारणाराच मोजतो, असे नाही!