आडुतुरैचा सेतू आमच्या संघात

मी एक जुना दगडी रूळ आहे, मित्रांनो. कुंभकोणममध्ये बॉल बॅडमिंटनच्या मैदानाशेजारी, करंजाच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. मैदान सपाट करणे हे माझे काम आणि उरलेला वेळ खेळ बघणे हा माझा छंद. दगडाला काय कळते, असे म्हणू नका. चेंडू कुठे पडणार हे मला पंचाच्या आधी कळते. फक्त मला कुणी विचारत नाही.

पाथरवटाने मला तिरुच्चीकडच्या खाणीत घडवले आणि बैलगाडीतून इथे पाठवले. पहिल्या दिवशी पोरांनी मला हळदकुंकू लावून नारळ फोडला. तेव्हापासून मी आमच्या संघाचा झालो, आणि एकदा झालो तो झालो.

आमचा खेळ पाच जणांचा. चेंडू पिवळ्या लोकरीचा. तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे आलेल्या घरांतले हे आमचे पाच जण. बाहेर सगळे तमिळ बोलत, पण मैदानात उतरले की हाका मराठीत. “घे!” “सोड!” “मागें!” समोरच्यांना यातले अक्षर कळत नाही, हेच आपले खरे हत्यार, अशी सगळ्यांची श्रद्धा होती. माझीही होती. सर्वांत मोठा आवाज वरदराजाचा. तो मागे उभा राहून ओरडे आणि बाकीचे हलत. माझ्या लोखंडी कण्याला, म्हणजे आसाला, तेल घालणाराही तोच. मग मी त्याच्या बाजूचा नसेन तर कुणाच्या?

तरीही शेजारच्या आडुतुरै गावाचा संघ आम्हाला दर पोंगलच्या सणाला, कपाच्या सामन्यांत, हरवत होता. त्यांचा सेतू नावाचा खेळाडू मारायचा तो चेंडू नेमका मोकळ्या जागी पडायचा. मला त्या माणसाचा भारी राग येई.

सत्त्याऐंशी सालच्या पावसाळ्यात खेळ बंद होता आणि माझ्यावर शेवाळ चढले होते. अशा एका सकाळी वरदराज आणि त्याचा भाऊ झाडाखाली आले. धाकटा नरसिंह संघाचा कप्तान होता. तो खाली बघत म्हणाला, “अण्णा, यंदां तुम्हीं बाहेर बसा. सेतूची बदली आपल्या गांवांत झाली आहे. तुमच्या ठिकाणीं त्यास घेतों.”

“त्या आडुतुरैच्यास?” वरदराज ओरडला. “त्यास आपली भाषा येते काय रे?”

“शिकेल की. तुमचे गुडघे आतां वळत नाहींत, अण्णा.”

“मग मजशीं बोलूं नको.” वरदराज निघून गेला.

पुढे पाऊस पडत राहिला आणि मी विचार करत राहिलो. वरदराजाचे गुडघे कुरकुरत होते, हे खरे. मीही जवळून ऐकले होते. पण शत्रूकडचा माणूस घरात घ्यायचा? हाका तमिळमध्ये मारायच्या आणि आपले हत्यार स्वतःच्या हाताने मोडायचे? शिवाय दोघे भाऊ एकमेकांकडे बघेनासे झाले होते. त्यांची आई, मीनाक्षीबाई, एकदा मैदानावर येऊन नरसिंहाला म्हणाली, “कप आणशील रे. अण्णास कोठून आणशील?” मला फार वाईट वाटले.

पाऊस थांबल्यावर सेतू आला. चपला काढून त्याने मला एकट्यानेच ओढायला घेतले. मी चिखलात रुतलो होतो. रुतलो नसतो तरी हललो नसतो! रस्त्यावरून जाणारा वरदराज तेवढ्यात थांबला. रूळ वाकडातिकडा ओढलेला त्याला बघवत नसे. तो तरातरा आला आणि त्याने दांडीचे दुसरे टोक धरले. मग मात्र मला हलावेच लागले.

“आमच्या हाका तुला कशा कळणार?” त्याने तमिळमध्ये विचारले.

सेतू घुटमळला. “अण्णा, रागावू नका. त्या आम्हाला केव्हापासून कळतात. तुम्ही ‘मागें’ ओरडलात की तुमचे सगळे मागे सरकायचे. मी चेंडू पुढे टाकायचो.”

वरदराज जागच्या जागी थांबला. पलीकडे चुन्याच्या रेषा आखणारा नरसिंहही थांबला. आता काय होते, या धास्तीने मी गप्प होतो, म्हणजे नेहमीपेक्षाही गप्प. आणि वरदराज एकदम हसू लागला. हसता हसता माझ्यावरच बसला.

“नरसिंहा, ऐकिलेंस कां? इतकीं वर्षें मी आडुतुरैच्या बाजूनें ओरडत होतों!”

नरसिंहही हसला आणि अण्णाच्या शेजारी येऊन बसला. दोघांचे वजन मला त्या दिवशी मुळीच जड वाटले नाही.

त्या पोंगलला आम्ही अंतिम सामना हरलो, पण थोडक्यात. पुढच्या पावसाळ्यात वरदराज स्वतः बसने आडुतुरैला गेला आणि आणखी एक खेळाडू पटवून घेऊन आला. कप त्यानंतर आला. आता मैदानात मराठी, तमिळ सगळे ओरडतात आणि काहीच गुपित राहिलेले नाही. मला ते आवडते, हे मी मान्य करतो.

मित्रांनो, माझ्या कण्याला तेल घालत जा, शेवाळ खरवडत जा. आणि नवा कुणी आला तर त्याला माझ्यापाशी एकटा सोडू नका. दांडीचे दुसरे टोक तुम्ही धरा.