अर्धी बाटली तपकिरी

मी कातड्याला द्यायचा तपकिरी रंग बोलतोय. खिडकीतल्या बुटक्या काचेच्या बाटलीत मी राहतो. आता माझ्यातलं फारसं काही उरलेलं नाही, म्हणून मोजकंच बोलतो.

मला एका बूट शिवणाऱ्या कारागिराने बनवलं. दोन भुकट्या स्पिरिटमध्ये विरघळवल्या आणि तीन दिवस बाटली हलवत राहिले. प्रमाण माझ्या या मालकांनी कुठेच लिहून ठेवलं नाही. कातड्याच्या कात्रणावर थेंब टेकवायचा, डोळे बारीक करून बघायचं, मान डोलली की झालं. त्यामुळे माझा जुळा भाऊ बाजारात शोधून मिळायचा नाही. याचा मला भारी तोरा होता.

ग्रंथालयातल्या बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचा उजवा पाय आखूड, म्हणून उजव्या बुटाला जाड तळ. मालकांचा हट्ट असा, की दोन्ही बुटांचा रंग तसूभरही वेगळा दिसता कामा नये. या वर्षाअखेर बाई निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना उभं राहून बोलायचं होतं. माप देताना त्या म्हणाल्या होत्या, "लोक आधी माझ्या पायांकडेच बघत बसतात. मग मी काय बोलते ते कोण ऐकतंय?"

उजवा बूट रंगवून मालक जेवायला गेले. लगेच परतणार होते, म्हणून माझं झाकण नुसतं टेकवलं होतं. ते परत आलेच नाहीत. आधी दवाखाना, मग अंथरूण, मग सगळंच आटोपलं. झाकणाच्या फटीतून माझ्यातलं स्पिरिट रोज थोडंथोडं उडत राहिलं. मी मधासारखा दाट झालो, वर साय धरली. मालकांच्या मागोमाग मीही चाललोय असं वाटायचं आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं.

तीन महिन्यांनी त्यांच्या मुलीने दुकान उघडलं. ती कचेरीत नोकरी करते. शिवणकाम तिला येतं, पण रंगाला मालक कुणाला हात लावू देत नसत. डावा बूट कोराच होता. तो बघून तिने बाह्या सारल्या.

तिने मला तसंच कात्रणावर फासलं. मी आत मुरलोच नाही, वरच चिकट बसून राहिलो. तेव्हा तिला वडिलांचे शब्द आठवले, "रंग दाटला की त्याला पाणी दाखवायचं." तिने मला निम्मं वाटीत ओतलं आणि नळाचं पाणी घातलं. मी फाटलो. नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या आणि माझा अर्धा जीव तिथेच गेला.

तिचं रडणं ऐकून आई आतून आली. वाटीत डोकावून ती हळूच म्हणाली, "अगं, नळाचं नव्हे. स्पिरिट म्हटलं की तुझी आजी दारूच आणली असं समजून घर डोक्यावर घ्यायची. म्हणून तुझे बाबा त्याला पाणी म्हणायला लागले. पुढे तीच सवय पडली."

मुलगी रडतारडता हसली. मला हसू आलं नाही. मी उरलो होतो तो अर्धाच, आणि आणखी एक चूक झाली असती तर बूट कायमचा कोरा राहिला असता.

मग तिने मला मलमलच्या फडक्यातून गाळलं, साय नि खडे बाजूला काढले. ती स्पिरिट थेंबाथेंबाने घालायची, ढवळायची, कात्रणावर लावायची आणि पूर्ण वाळेपर्यंत हात बांधून बसायची, कारण ओला असताना मी गडद दिसतो आणि भल्याभल्यांना फसवतो. सात कात्रणं झाली. आठव्या कात्रणावर मी अलगद आत शिरलो. बुटावर तिने माझे दोन पातळ हात दिले. आईने दोन्ही बूट उजेडात धरले, उलटसुलट करून बघितले आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला.

बाई बूट न्यायला आल्या. घालून दारापर्यंत चालून आल्या, खाली वाकून बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "जाण्याआधी दोन्ही पुरे करून गेले म्हणायचे," त्या म्हणाल्या.

मुलीने आईकडे बघितलं. मग म्हणाली, "हो."

मला त्यांच्याशी बोलता आलं असतं तर मीही हेच म्हणालो असतो. आता बाटलीच्या तळाशी माझा जेमतेम एक थर आहे. तो वाळला तर वाळू दे. मला राखून ठेवू नका, पोरीला तिचा स्वतःचा रंग करू द्या.