सुरमीची डोणी

मित्रांनो, जामसरच्या उतारावर एका कौलारू घरामागे काळ्या दगडाची लांबट डोणी दिसेल. ती मी. घोड्यांनी पाणी प्यावे म्हणून एका पाथरवटाने मला कोरले. वरच्या अंगाला झरा आहे; त्याचे पाणी बांबूच्या पन्हळीतून माझ्यात पडते. पुढे घरचे घोडे गेले, मग माणसेही नाशिकला गेली. कित्येक वर्षे माझ्यात केवळ आकाश उतरत असे.

एका भाद्रपदात जव्हारहून कुतुबुद्दीन आणि त्याची बायको खैरुन हे घर विकत घेण्यासाठी पाहायला आली. सोबत सुरमी होती, त्यांची राखाडी घोडी. तिच्या पोटात शिंगरू होते. रस्त्यावर जीपगाड्या धावू लागल्या आणि कुतुबुद्दीनचा टांगा बंद पडला. सुरमी आता फक्त लग्नाच्या वरातींत मिरवत असे.

"गल्लीत हिला वळायलासुद्धा जागा नाही," खैरुन म्हणाली. "बच्चा तरी मोकळ्यावर पळू दे."

कुतुबुद्दीनच्या घराण्यात जागा माणसाने पारखायची नसे. तिथे घोडी मोकळी सोडायची. ती पाणी प्यायली आणि जमिनीवर लोळली, की जागा पसंत. सुरमी माझ्यात तोंड बुडवून पोटभर प्यायली आणि ओल्या गवतात चारी पाय वर करून लोळली.

शेजारी नाचणी पिकवणारा वामन बांधावर उभा होता. "चाचा, एकदा होळी झाल्यावर येऊन बघा. मग ठरवा."

"अरे वामन, माणूस झूठ बोलेल. घोडी नाही बोलणार."

"घोडी खरंच बोलते, चाचा. पन भादव्यातलं बोलते."

खैरुन हसली. "हिच्यापुढे माझंसुद्धा चालत नाही, वामनभाऊ. तुमचं काय चालणार?"

माझ्या तळाला चैत्र ठाऊक होता. पण दगडाला वाचा नसते. आणि त्या दिवशी तर मी काठोकाठ भरून जणू खोटी साक्ष देत होते.

घर घेतले गेले. पौषात शिंगरू जन्मले आणि लटपटत्या पायांनी माळभर धावू लागले. कुतुबुद्दीन मला काथ्याने घासून लख्ख ठेवी, "राणीचा हौद आहे हा," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुख तेवढेच.

होळीनंतर पन्हळीची धार दोऱ्याएवढी झाली, मग थेंबांची, मग तीही नाही. वस्तीतल्या बायका झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी भरत. कुतुबुद्दीन सर्वांत मागे बसे. त्याचा नंबर येईतो खड्डा कोरडा होई. सुरमीचे दूध आटू लागले. ती येऊन माझा सुका तळ चाटी. मी पाण्यासाठीच जन्मलेली, पण माझ्या अंगातून तिला एक थेंब देता येईना.

एका सकाळी वामनची बायको चैती आली आणि तिने डोईवरचा हंडा माझ्यात रिता केला.

"हे काय केलंस, चैती?" कुतुबुद्दीन धावला. "घरात पोरं आहेत ना?"

"पोरांना तोंड हाय, मागतील. हिला कुठं मागाया येतं?"

सुरमी घटाघटा प्यायली. कुतुबुद्दीन तिच्याकडे न पाहता चैतीच्या रिकाम्या हंड्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो सुरमीला आणि शिंगराला गोदाकाठच्या एका घोडेवाल्याकडे सोडायला निघाला. वळणावर ती थांबली आणि मागे पाहून खिंकाळली.

घर अजून त्यांचेच आहे. सुरमीला बांधायचे ठाण रिकामे आहे, गवत गुडघ्याएवढे वाढते, आणि दर भाद्रपदात मी काठोकाठ भरते. तेव्हा कुतुबुद्दीन माझ्याजवळ येऊन बसतो. एकदा पाण्यात हात बुडवतो आणि उठून जातो.

मित्रांनो, मुक्या जिवासाठी घर शोधायला निघाल, तेव्हा माझ्या भरलेपणाला भुलू नका. चैत्रात या. वाका, आणि तळाला हात लावून पाहा. एके ठिकाणी दगड थोडा गुळगुळीत लागेल. तो पाथरवटाने केलेला नाही.