गोळी थांबवल्यावर

माणसाचा मेंदू हे विश्वातलं सर्वांत मोठं गूढ आहे, असं डॉक्टर म्हणत होते. आणि टेक्निशियनबाई त्या गूढावर पेस्ट लावून वायरी चिकटवत होत्या. गूढाला मध्यभागी टक्कल होतं, त्यामुळे काम सोपं होतं.

टक्कल निवृत्त ग्रंथपालांचं. बायको गेल्यावर ते जेवेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली. ते जेवू लागले. फक्त स्वप्नात रोज बायको यायची, ती यायची थांबली.

"सेरोटोनिन," डॉक्टर म्हणाले. "झोपेत स्वप्नांचा एक टप्पा असतो. तेव्हा मेंदूतलं सेरोटोनिन जवळजवळ गप्प असतं. गोळी त्याला गप्प बसू देत नाही, मग तो टप्पा आखडतो."

"म्हणजे मी जेवलो की ती येणार नाही."

"तुम्ही फारच सोपं करून टाकता," डॉक्टर म्हणाले. पण खोडून काढलं नाही.

ग्रंथपालांनी हट्टाने गोळी कमी करत करत थांबवून घेतली होती. शर्टाची कॉलर पुन्हा सैल झाली होती. टप्पा परतलाय का, हे आज सकाळच्या झोपेत बघायचं होतं.

डॉक्टर गेले. ग्रंथपाल भिंतीकडे तोंड करून झोपले, पलंगाची अर्धी बाजू मोकळी सोडून. बाई पडद्यावरच्या रेषा बघत राहिल्या. रेषा बदलल्या, पापण्यांखाली डोळे भराभर हलू लागले. अशा वेळी उठवून काय दिसलं ते विचारायचं, अशी तपासणीची पद्धत. बाई जरा थांबल्या. मग आणखी जरा. मग त्यांनी घंटा वाजवली.

"आल्या का काकू?"

ग्रंथपाल छताकडे बघत होते. "मेहुणा आला होता."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार. माझ्याच खुर्चीत पाय पसरून बसला होता. म्हणाला, दाजी, टेका जरा, ताई तयार होतेय, येतेच."

बाईंचा हात वायरीवर थांबला.

"काका, परत झोपा. मी नाही उठवणार."

त्यांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले. बऱ्याच वेळाने एक उघडला.

"नाही येत झोप."

डॉक्टरांनी आत येऊन पडदा पाहिला, मग सैल कॉलर पाहिली. "टप्पा परतलाय, उत्तम. वजन मात्र उतरलंय. आजपासून गोळी परत चालू."

ग्रंथपालांनी मान हलवली. वायरी हलल्या.

बाई ओल्या कापसाने पेस्ट पुसू लागल्या. बाहेर पुढचा माणूस बसला होता. त्याला घोरण्याचा त्रास होता.