किल्ली न् किल्ली

“नामंजूर,” काका म्हणाले आणि त्यांनी खोक्यातून ट्वीटर असा उपटला, जणू तो वयाचा खोटा दाखला दाखवून आत शिरला होता.

काका विमा कंपनीत होते. लोकांचे दावे फेटाळल्याची पत्रं लिहिणं हे त्यांचं काम. घरी आल्यावरही हात शिवशिवत, म्हणून त्यांनी स्पीकर बनवायला घेतला. एकच. जोडी का नाही, असं विचारलं तर म्हणायचे, आधी एक तरी लायक निघू दे. लाकडी खोकं झालं. जाड, घुमणारा आवाज काढणारा वूफर एका झटक्यात मंजूर झाला. गाडी अडली ट्वीटरवर. बारीक, टोकदार आवाज काढणारी ही बरणीच्या झाकणाएवढी वस्तू. पण काकांसमोर तिची उलटतपासणी अशी चाले, की मला तिच्यासाठी वकील द्यावासा वाटे.

पद्धत ठरलेली. रविवारी जेवणं झाली की मी आणि काकूंनी सोफ्यावर डोळे मिटून बसायचं. गाणं लावायचं नाही, गाण्यात माणूस वाहवत जातो, असं काकांचं मत. (ही त्यांची ऐकीव माहिती असावी.) त्यांनी स्वतःच एक रेकॉर्डिंग केलं होतं. काकू घराच्या किल्ल्यांचा जुडगा हलवतायत आणि शेवटी वैतागून विचारतायत, “झालं का?” बस. काकू घराबाहेर पडताना दारात जुडगा वाजवायच्या, तोच त्यांचा निरोप असे. काकांचा निकष एवढाच, की किल्ली न् किल्ली वेगळी ऐकू आली पाहिजे.

पहिला ट्वीटर रेशमी पडद्याचा होता. किल्ल्या अगदी मांडीवर पडल्यासारख्या वाटल्या. काका म्हणाले, चमक नाही. मग त्याहून तिखट आणला, मग त्याहून. एकालाही चमक नव्हती. शेवटी आला धातूचा. तो लागला की माझ्या दाढेतलं सिमेंट ठणकायचं. शेजारचा कुत्रा स्वतःच पट्टा तोंडात धरून जिना उतरायचा. काकू कानात कापूस घालून बसायच्या. काका तेवढे आवाज वाढवत वाढवत खोक्यावर ओणवे व्हायचे.

“मंदच आहे,” ते म्हणाले. “तुम्हाला काय कळणार म्हणा. तुम्हाला कान दिलेत ते चष्मा अडकवायला.”

मी चष्मा लावत नाही. पण ते असो. हा माणूस चारचौघांत एकदा तोंडघशी पडलेला बघावा, एवढीच माझी देवाकडे मागणी होती. ती दुकानदाराने जवळजवळ पुरी केली. काका धातूचा ट्वीटरही परत करायला गेले, तेव्हा तो वैतागून म्हणाला, “याच्यापुढचा ट्वीटर बनत नाही साहेब. आता एकदा कान तपासून घ्या.”

काका ट्वीटर घेऊन परत आले. रात्री जेवले नाहीत. मग त्यांनी दुकानदाराला रविवारी घरी बोलावलं. याच ट्वीटरवर किल्ली न् किल्ली ओळखून दाखवतो म्हणाले. आठवडाभर रोज संध्याकाळी, मी घरी नसताना, सराव चालला होता.

रविवारी दुकानदार सोफ्यावर आमच्या मधे बसला. काकूंच्या कानात कापूस नव्हता. काकांनी रेकॉर्डिंग लावलं.

पोत्यात बटाटे हलवावेत तसा आवाज आला.

मी डोळे उघडले आणि वाकून खोक्यामागे पाहिलं. ट्वीटरची वायर निघून लोंबत होती. तिच्या टोकाला जखमेवर लावतात ती पट्टी गुंडाळलेली होती. पट्ट्या काकूंच्या कपाटात असतात. मी वर पाहिलं तर काकू माझ्याकडेच बघत होत्या. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तशा नाही. किती दिवसांनी डोकं दुखायचं थांबलंय, तशा.

म्हणजे आठवडाभर सराव या मुक्या ट्वीटरवर झाला होता.

“ही कपाटाची,” काका डोळे मिटून सांगत होते. “ही मोठ्या दाराची. ही पेटीची, हिचा आवाज जरा पातळ. ऐकलंत?” स्पीकरमधून काकूंनी विचारलं, “झालं का?” काकांनी डोळे उघडले. “मंजूर.”

दुकानदारानेही वायर पाहिली होती. तो धंद्यातला माणूस, त्याला पट्टी सोडून बघायची गरज नव्हती. तो म्हणाला, “साहेब, तुमचा ट्वीटर तर…”

“चहात साखर किती घालू?” काकूंनी विचारलं.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दोन चमचे.” आणि काकांना म्हणाला, “कान असावा तर असा.”

आता माझी पाळी होती. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, तो क्षण समोर आयता वाढून ठेवला होता. “काका,” मी म्हणालो.

“काय?”

“ही पेटीची खरंच पातळ वाजते.”

“मग?” काका म्हणाले. “तुला आत्ता कळलं.”

दुकानदार गेल्यावर काका मऊ ब्रशने ट्वीटरवरची धूळ झटकत बसले. काकूंना दुधाला जायचं होतं. त्या दारापर्यंत गेल्या, थांबल्या आणि परत येऊन काकांच्या समोर उभ्या राहिल्या. त्यांनी जुडगा वर धरून दाखवला. किल्ल्या मुठीत घट्ट आवळलेल्या होत्या, एकही वाजली नाही.

“ऐकलं, ऐकलं,” काका म्हणाले. “ये जाऊन.”